पुंजाजी सडकेनंच आला

हिवाळा लागला की माझे गुडघे कुरकुरायला लागतात. आयुष्यात कधी फर्लांगभर धड धावलो नाही मी, पण आमच्या व्यायाम मंडळाच्या लांब शर्यतीचा चिटणीस म्हणून सात-आठ वर्षं दुसऱ्यांना मात्र भरपूर पळवलं. आता पेन्शन घेतो, ओसरीवर बसून पाय शेकतो. सकाळी गल्लीत भाजीवाल्याची हाक आली की उगाच मान वर होते. ती हाक पुंजाजीची नसते. असणार कशी? पण मान वर होते खरी, आणि मग दिवसभर कशात मन लागत नाही.

पुंजाजी माळी भातकुलीकडच्या एका खेड्यातला. तिकडचं पाणी खारं. विहिरी खणून खणून लोक थकले, पण पुंजाजीच्या तुकड्यातली विहीर कशी कोण जाणे गोडी निघाली होती. तिच्यावर वांगी, मेथी, मिरच्या, सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, आणि बांधाला झेंडू. हे सगळं कावडीच्या दोन टोपल्यांत घालून तो आठ मैलांवरून अमरावतीला यायचा. उन्हाळा असो, हिवाळा असो, आमच्या शाळेची पहिली घंटा व्हायच्या आत पुंजाजी दारात हजर.

कावडवाला माणूस चालत नाही हो. बांबू खांद्यावर वर-खाली होतो आणि त्या तालावर पाय पडत जातात. थांबलं की ओझं जड होतं, म्हणून थांबायचं नाही. पुंजाजी आला की आधी बांबूची करकर ऐकू यायची, मग तो दिसायचा. काळा, काटक, चाळिशी उलटलेला, डोक्याला मळकं पागोटं आणि डाव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा. थंडीच्या दिवसांत त्याच्या अंगातून वाफ निघायची आणि आमच्या सौ. म्हणायच्या, "पुंजाजी, जरा दम तर घे." त्यावर तो टोपल्या खाली ठेवत म्हणायचा, "बसलो का उठवत नाही, माय."

त्याचं एक ठरलेलं होतं. तागडी उचलली की आधी रिकामी धरायची, समोरच्याच्या डोळ्यांपुढे, काटा मध्ये येऊन स्थिर होईपर्यंत. "पाहून घ्या, माय." मग माल. रोजच्या गिऱ्हाइकालासुद्धा, दर वेळी, दर भाजीला. आमच्या सौ. वैतागायच्या. "अरे, किती वर्षं घेते तुझ्याकडून! टाक लवकर." पण नाही. आधी "पाहून घ्या". हा शब्द त्याच्या तोंडात इतका बसला होता की, "कसं काय पुंजाजी, बरं आहे ना?" असं विचारलं तरी उत्तर यायचं, "हाय, पाहून घ्या."

एकदा भाजी देऊन तो गेला आणि दुपारी, उन्हाच्या रखरखाटात, परत दारात उभा. हातात मूठभर मिरच्या. "काय रे, काय झालं?" तर म्हणाला, "तागडीच्या बुडाले चिखल चिकटला होता जी. नाक्यावर गेल्यावर दिसला." आता सकाळी त्यानं तागडी सगळ्यांना दाखवली होती, काटाही सरळ होता, त्या चिखलानं कुणाचं किती गेलं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. पण या बहाद्दरानं गल्लीतली सगळी घरं पुन्हा केली आणि घरोघर मूठ-मूठ मिरच्या टाकून मग गावचा रस्ता धरला. मी सौ.ला म्हटलं, हा माणूस धंदा करायच्या लायकीचा नाही. ती म्हणाली, "तुम्ही आत जा बरं."

आता शर्यतीचं. आमच्या मंडळाचे अध्यक्ष एक वकीलसाहेब होते. ते मुंबईला जाऊन आले आणि तिथली हिवाळ्यातली लांब शर्यत पाहून त्यांच्या डोक्यात शिरलं की वऱ्हाडाचीही एक मॅरेथॉन पाहिजे. मूर्तिजापूरहून निघायचं आणि अकोल्यात पोचायचं, सव्वीस मैल. आमच्याकडे अकोला म्हणजे मोठं शहर. कापसाचा बाजार, सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे, दिवे, मोटारी. तिथं टाळ्या वाजवायला माणसं मिळतील, हा वकीलसाहेबांचा हिशेब. पत्रक मी लिहिलं. नियम मी केले. आठ नियम, एकेक शब्द तोलून लिहिलेला. मला फार अभिमान होता त्या पत्रकाचा.

एक गठ्ठा ओसरीवर पडला होता. पुंजाजीनं विचारलं, "हे काय होय, गुरुजी?" मी सांगितलं. तो हसला. मग मेथीची जुडी हातात तशीच धरून त्यानं विचारलं, "कोनीबी धावू शकते?"

"कोणीही. का रे?"

"रोज वझं घेऊन धावतो. एक दिवस मोकळ्या आंगानं धावून पाहावं म्हंतो."

मला गंमत वाटली, बरंही वाटलं. नाव लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "त्या कागदात काय लिवलं हाय, समदं वाचून दाखवा, गुरुजी. मले वाचता येत नाही." मी कोट चढवत होतो. वाचायला सुरुवात केली. निघायची वेळ, कुठे जमायचं, सोबत काय आणायचं. तेवढ्यात शाळेची घंटा ऐकू आली. उरलेल्यावर मी नुसती नजर टाकली. सातवा नियम होता, 'स्पर्धकाने सर्व अंतर सरकारी सडकेवरूनच धावले पाहिजे व बोरगाव येथे मनगटावर शिक्का मारून घेतला पाहिजे. तसे न करणारा बाद समजला जाईल.' यात काय वाचायचं? शर्यत सडकेवर असते, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं मला वाटलं. मी कागद घडी करून त्याच्या हातात ठेवला.

"समदं वाचलं ना?" पुंजाजीनं विचारलं.

"हो हो, सगळं," मी म्हटलं आणि छत्री घेऊन निघालो.

शर्यतीआधी आठवडाभर तो रिकाम्या खांद्यानं धावून पाहत होता. एक दिवस ओशाळून म्हणाला, "गुरुजी, जमून नाही राहिलं. हात कुठं ठेवावं तेच समजत नाही." मी म्हटलं, मग बांबू घेऊन धाव, नियमात काही नाही. तो खूश झाला. पौषातल्या एका गारठलेल्या सकाळी मूर्तिजापूरहून तेवीस माणसं निघाली. बावीस तरुण आणि खांद्यावर नुसता बांबू घेतलेला पुंजाजी. मी अकोल्याच्या मैदानावर रजिस्टर घेऊन बसलो होतो. लोक पुष्कळ जमले होते. वकीलसाहेब मोटारीनं पुढे आले होते आणि घड्याळ काढून सारखे पाहत होते.

पहिला आला पुंजाजी.

चुन्याच्या रेघेवरून आला, पाच पावलं पुढे गेला, बांबू उतरवला आणि माझ्याकडे पाहून लहान पोरासारखा हसला. काय टाळ्या पडल्या! बॅन्डवाले उभे राहिले. वकीलसाहेबांनी स्वतः हार घातला. पुंजाजी घाम पुसत म्हणाला, "आनखी लवकर आलो असतो जी. सासूनं ताक प्याले बसवलं."

"सासू?" वकीलसाहेब म्हणाले.

"सासरवाडी हाय न माही, कुरणखेडच्या इकडं. पाऊलवाट त्यांच्या वावरातूनच येते. जवाई दारावरून तसाच कसा जाईन?"

वकीलसाहेबांनी त्याचं मनगट धरून उलटं-सुलटं करून पाहिलं. शिक्का नव्हता. बोरगाव त्यानं पाहिलंच नव्हतं. नदी ओलांडल्यावर सडक सोडून तो सरळ तूर आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेतांतून निघाला होता. कोणताही शहाणा माणूस अकोल्याला पायी निघाला की जसा निघेल तसा. चार मैल वाचले होते.

"ही लबाडी आहे," वकीलसाहेब मोठ्यानं म्हणाले.

पुंजाजीला आधी कळेचना. "अकोल्याले पोचाचं होतं ना?" तो म्हणाला. "पोचलो. कोनी पायलं असन तर इचारा, सासूले इचारा." लोक हसायला लागले. कोणीतरी मागून ओरडलं, "लबाड! लबाड!" मग सगळ्यांनीच तो सूर धरला. वकीलसाहेबांनी त्याच्या गळ्यातला हार काढून घेतला. हे त्यांनी करायला नको होतं. पुंजाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे 'बाद' लिहीत होतो. मान वर केली नाही. त्या क्षणी उभं राहून 'चूक माझी आहे, मी त्याला वाचून दाखवलं नाही' एवढं म्हणायचं होतं. हातात टाक होता, शाई होती, सगळं होतं. अक्कल मात्र नंतर आली, आणि धैर्य तर आलंच नाही.

ही बातमी अमरावतीला त्याच्या आधी पोचली. बायकांनी काही त्याच्याकडून भाजी घेणं सोडलं नाही. पण थट्टा सुरू झाली. "काय पुंजाजी, आज सडकेनं आला की आडवाटेनं?" "पुंजाजी, तागडी नीट दाखव रे बरं!" कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण ज्यानं मूठभर मिरच्यांसाठी उन्हातून गल्ली पुन्हा केली, त्याला हे रोज दहा दारांत ऐकायचं होतं. तो हसायचा नाही, रागवायचा नाही. तागडी रिकामी धरायचा, पहिल्यापेक्षा जास्त वेळ धरायचा. फक्त "पाहून घ्या" म्हणायचं त्यानं बंद केलं. ते प्रथम आमच्या सौ.च्या लक्षात आलं. मला सांगितलं तिनं, आणि मला जेवण गेलं नाही.

वर्षभरात एक गोष्ट झाली. पुंजाजी भातकुलीकडून येताना पाऊलवाट सोडून सडकेनं यायला लागला. सडक नाल्याला मोठा वळसा घालते, पाऊलवाट सरळ येते. त्या वळशाचे दीड-दोन मैल जास्त पडायचे, तेही भरल्या कावडीनं. उशीर व्हायला लागला म्हणून तो अंधारातच निघायचा. टाचेला एक कुरूप झालं होतं, ते वाढलं. मी म्हटलं, "काहून असं करून राहिला, पुंजाजी? शर्यत संपली." तो वांगी निवडत म्हणाला, "पुढच्या पौषात हाय ना पुन्हा?"

वकीलसाहेब त्याला घ्यायला तयार नव्हते. बाद झालेला माणूस पुन्हा कशाला? मी हातापाया पडलो, म्हणजे जवळजवळच. शेवटी ते म्हणाले, "धावू दे. नंबर मात्र मिळणार नाही." पुंजाजीला हे सांगितलं, तर म्हणाला, "नंबर कोनाले पायजे जी."

त्या वर्षी थंडी कडक होती आणि कापूसही उदंड. अकोल्याची सडक बैलगाड्यांनी भरलेली, बाभळींच्या काट्यांना सगळीकडे कापूस लटकलेला. धावणारे गाड्यांमधून वाट काढत, धुळीनं पांढरे होऊन येत होते. पहिला अकरा वाजायच्या आत आला. दोन वाजेपर्यंत सगळे आले, काही गाडीत बसून आले. पुंजाजी नाही. तीन वाजता बक्षिसं वाटली. चार वाजता मांडव सोडला, सतरंज्या गुंडाळल्या. वकीलसाहेबांनी रजिस्टर मोटारीत टाकलं आणि मला म्हणाले, "चला, स्टेशनवर सोडतो, गाडी चुकेल. तो सासरवाडीला ताक पीत बसला असेल." सगळे हसले. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे."

मैदानाच्या कडेला एका दगडावर बसून राहिलो. भूक लागली होती, पाय गारठले होते. मनात आलं, नसेलच येत तो. आणि खरं सांगतो, एकदा असंही आलं, की न आला तर बरं, म्हणजे त्याच्या डोळ्यांत पाहायला नको. एक गाडीवान कापूस घेऊन आला, त्याला विचारलं. तो म्हणाला, "तो बांबूवाला का? येऊन राहिला जी मांगून. लंगडून राहिला. बस म्हनलं गाडीत, तर म्हंते मले बसता येत नाही. बह्याड हाय का काय?"

दिवस मावळतीला टेकला तेव्हा तो दिसला. गाड्यांच्या धुळीतून, त्याच त्या कावडवाल्या चालीनं, पण एक पाय टेकवत, एक ओढत. सडक मैदानाशी काटकोनात वळते. तिथं कुंपण नाही, लोक सरळ मैदानातून येतात. पुंजाजी कोपऱ्यापर्यंत गेला, वळला आणि मग आला. माझ्यापुढे येऊन थांबला.

"रेघ कुठं हाय, गुरुजी?"

रेघ पायांनी पुसून गेली होती. मी बुटाच्या टाचेनं मातीत एक ओढली. तो दोन पावलं मागे गेला आणि ती ओलांडून आला. मग बांबू खाली ठेवला आणि मनगट पुढे केलं. जांभळा शिक्का होता, घामानं थोडा पसरलेला.

"पाहून घ्या, गुरुजी."

वर्षानं ऐकला तो शब्द.

बसता बसता त्यानं सांगितलं. नदीवर पोचला तेव्हाच कुरूप फुटलं होतं. सासू या वेळी ताक घेऊन सडकेवर येऊन उभी होती. तिनं रक्त पाहिलं आणि घरी चल म्हणून रडायला लागली. उभ्याउभ्या ताक पिऊन तो निघाला. बोरगावला पोचला तर शिक्केवाला मास्तर निघून गेलेला. सगळे गेले म्हणून तो घरी जेवायला गेला होता. पुंजाजीनं त्याचं घर शोधलं. मास्तर म्हणाला, उद्या चिठ्ठी पाठवतो. पुंजाजी दारातून हलला नाही. जेवण होऊन मास्तरानं हात धुतले, पानही खाल्लं. मग त्याला घेऊन हा पुन्हा सडकेवरच्या ठरलेल्या जागी आला आणि तिथं उभं राहून शिक्का मारून घेतला. "घरी मारला असता त्यानं," पुंजाजी म्हणाला, "पन मंग कोनी म्हनलं असतं..."

"लिवा आता," तो म्हणाला.

रजिस्टर मोटारीतून गेलं होतं. खिशात एक पत्रक निघालं. त्याच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं, की पुंजाजी माळी मूर्तिजापूरहून अकोल्यापर्यंत सर्व अंतर सडकेनं आला. खाली सही केली. कागद त्याला देताना उलटला आणि माझाच सातवा नियम समोर आला. तेव्हा मात्र राहवलं नाही.

"पुंजाजी, गेल्या वर्षी मी तुला हे वाचून दाखवलं नव्हतं. सगळं वाचलं म्हणालो, ते खोटं होतं."

तो टाच दाबून धरत होता. वर न पाहता म्हणाला, "ठाव हाय मले. राधीनं वाचून दाखवलं, शर्यत झाल्यावर त्याच आठोड्यात." राधी त्याची मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली.

"मग बोलला का नाहीस? एका शब्दात सुटला असतास!"

"तुमी मास्तर होय, गुरुजी," तो म्हणाला. "माही तागडी लोक रोज तपासतात. तुमचं वाचनं कोन तपासते? गावची पोरं तुमच्याच भरवशावर असतात न. ते गेलं, तं मंग काय राह्यलं?"

मग म्हणाला, "मायबायांले तेवढं सांगजा, का पुंजाजी सडकेनं आला."

मी सांगितलं. घरोघर सांगितलं, तो कागद दाखवला. थट्टा थांबली. बायकांनी त्याला हळद-तेल दिलं टाचेला. पण कागदाची मागची बाजूच मी सगळ्यांना दाखवली, सातवा नियम मात्र कुणाला वाचून दाखवला नाही. सौ.लासुद्धा नाही. मी शाळेत हेडमास्तर झालो, लोक माझ्याकडे मृत्युपत्रं वाचून घ्यायला, कोर्टाचे कागद समजून घ्यायला येत. मी वाचून दाखवी आणि ते मान डोलावत. पुंजाजीची टाच काही धड झाली नाही. पुढे त्याचं गल्लीत येणं कमी झालं, मग थांबलं. बहुतेक माल आता त्याचा जावई बाजारात आणतो असं कळलं.

शेवटचा दिसला तो भातकुलीच्या सडकेवर. एका विद्यार्थ्याच्या लग्नाला मी सर्व्हिस मोटारीनं चाललो होतो. सकाळची वेळ होती, थंडी होती, मोटार गच्च भरलेली. नाल्याच्या वळणावर ड्रायव्हरनं भोंगा वाजवला आणि कडेला एक म्हातारा दिसला. खांद्यावर कावड, टोपल्या लहानच, एकीत झेंडू, एकीत थोडी मेथी. लंगडत चालला होता. पाऊलवाट त्याच्या समोरूनच सरळ निघत होती, चांगली मळलेली. दोन बायका डोक्यावर पाट्या घेऊन तिच्यावरून झपाझप गेल्या. म्हातारा सडकेबरोबर वळला.

माझ्या शेजारचा शेतकरी हसून म्हणाला, "पाहा जी, या म्हाताऱ्याची गंमत. रोज वझं घेऊन हा वळसा घालते. गावात समदे सांगून थकले. काहून असं करते, कोनालेच माहीत नाही."

मला माहीत होतं. मोटारीत दहा-बारा माणसं होती, त्यातली चार तरी मला ओळखणारी, आणि दोन वाक्यांचं काम होतं. मी मफलर नीट केला आणि म्हटलं, "असतात अशी माणसं." मोटार पुढे गेली.